तक्त्यातला आकडा आणि मातीतले वास्तव

वीजकेबल किती प्रवाह पेलेल, याचा आकडा तक्त्यात छापलेला असतो. पण तो निरपेक्ष नव्हे. सभोवतालचे तापमान, मातीतील ओलावा, पुरण्याची खोली, शेजारच्या केबलींची संख्या असे बरेच काही गृहीत धरून तो काढलेला असतो. प्रवाहाने तार तापते. ती उष्णता बाहेर पडली नाही तर आवरण करपते. म्हणून परिस्थिती प्रतिकूल असेल तेथे आकडा उतरवून घ्यावा लागतो.

न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराला १९९८ साली याची प्रचीती आली. शहराच्या मध्यभागाला वीज पुरवणाऱ्या चार मुख्य केबली जानेवारी-फेब्रुवारीत एकामागून एक निकामी झाल्या. उन्हाळा कडक व कोरडा होता; वाळलेली माती उष्णता धड वाहून नेत नाही. पहिल्या दोन गेल्यावर त्यांचा भार उरलेल्या दोहोंवर पडला, आणि त्याही गेल्या. सुमारे पाच आठवडे नियमित पुरवठा खंडित राहिला. केबलींची खरी क्षमता मानलेल्या क्षमतेहून कमी होती, हे चौकशीत उघड झाले.

तेथील वीजमंडळाची कंपनी होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. मालकी बदलल्याने केबल जळते, असे आम्ही म्हणणार नाही. जुन्या केबली मंडळाच्याच काळातल्या होत्या. परंतु गृहीतके तपासणे हा खर्च वाटू लागला की त्याची किंमत नागरिक मोजतात, मग मालक कोणीही असो.

आपल्याकडचे मानक तक्ते हवेतील केबलींसाठी ४० अंश तापमान धरतात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. ७० अंशांपर्यंत टिकणाऱ्या पीव्हीसी केबलीची क्षमता तेथे सुमारे ९ टक्क्यांनी घटते. पत्र्याच्या शेडखाली हवा ५० अंशांवर गेली तर १८ टक्क्यांनी. त्यातच अनेक केबली एका जुडग्यात बांधल्या की घट आणखी वाढते. कंत्राटदार मात्र तक्त्यातलाच आकडा दाखवून बारीक केबल टाकतो. वाचलेले तांबे त्याच्या खिशात जाते, आग कामगाराच्या डोक्यावर येते.

तेव्हा कामगार संघटनांनी आणि नगरपालिकांतील आपल्या सभासदांनी एक साधा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी: ही क्षमता कोणत्या तापमानाला, किती केबली शेजारी धरून काढली? उत्तर लेखी मागावे. तांत्रिक बाब म्हणून ती तज्ज्ञांवर सोडून देणे परवडणारे नाही. शेडमध्ये उभा राहणारा तज्ज्ञ नसतो, कामगार असतो.