पोटात पाय, पाठीवर वेटोळे

'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण आपल्याला शाळेपासून पाठ असते. वरून गरीब दिसणाऱ्या लबाड माणसाचे वर्णन ती करते आणि बहुतेकांचे गोगलगायीविषयीचे कुतूहल तेथेच संपते. आमच्या मते हा दोष म्हणीचा नव्हे, ती वापरणाऱ्यांचा आहे. ज्या कोणी ती प्रथम उच्चारली त्याने प्राणी नीट पाहिला होता. प्राणिशास्त्रातले 'गॅस्ट्रोपॉड' हे ग्रीक शब्दांपासून घडवलेले नाव आणि त्याचा 'उदरपाद' हा मराठी पर्याय यांचा अर्थही तोच : पोट हाच पाय. शास्त्र तेथून शंखाकडे वळले, म्हण माणसाच्या स्वभावाकडे निघून गेली आणि आम्ही साहित्यवाले म्हणीमागे गेलो.

याची किंमत घरच्या बागेत मोजली जाते. पावसाळ्यात कुंड्यांवर जे जे सरपटते त्याला आपण एकच नाव देतो आणि एकच शिक्षा : मीठ.

वास्तविक दोषी ओळखणे फारसे अवघड नाही. बोटभर लांब, निमुळता शंख, त्यावर सात ते नऊ वेटोळी, तपकिरी अंगावर गडद उभे फराटे, ही झाली आफ्रिकी राक्षसी गोगलगाय, 'लिसॅकॅटिना फ्युलिका'. तिची पिल्ले लहान असतात, वेटोळीही कमी. पण मुखाशी दिसणारा शंखाचा मधला खांब खाली एकदम तुटल्यासारखा संपतो, ही खूण पिल्लातही सापडते. ही आपल्याकडची नव्हे. 1847 साली विल्यम बेन्सन या शंखांच्याच अभ्यासकाने ती मॉरिशसहून कलकत्त्यास आणली आणि चौरंगीतल्या एका बागेत ती मोकळी झाली. ओळखण्याची विद्या ज्याला अवगत होती त्याच्याच हातून हे घडावे, हे विलक्षण खरे. 2022 च्या खरिपात लातूर-बीडकडे सोयाबीनचे कोवळे मोड जिने फस्त केले ती हीच.

हिच्या शेजारी, त्याच ओल्या पानाखाली, चपट्या, पातळ, काचेसारख्या चकचकीत शंखाची 'मॅक्रोक्लॅमिस' असू शकते. सह्याद्रीच्या आसपास 'एरिओफॅन्टा'ही भेटते. याही पाने कुरतडतात, नाही असे नाही. पण त्या बेन्सनच्या आधीपासून येथल्या आहेत.

'एरिओफॅन्टा'पाशी थोडे थांबावेसे वाटते. शंखाचे टोक वर आणि मुख आपल्याकडे धरले असता मुख उजवीकडे आले तर शंख उजवा, डावीकडे आले तर डावा. राक्षसी गोगलगाय उजवी असते, 'एरिओफॅन्टा'च्या अनेक जाती डाव्या. आता गंमत अशी की, देवघरातला दुर्मिळ 'दक्षिणावर्ती' शंख प्राणिशास्त्राच्या हिशेबाने डावाच ठरतो! पूजेत शंखाची पन्हळ वर धरतात, शास्त्रात वेटोळ्यांचे टोक. शब्द दोन्हीकडे अचूक आहेत; वस्तू कशी धरली होती हे सांगितल्याखेरीज मात्र दोन्ही निरुपयोगी. संहिता शिकवणाऱ्यांना हा अनुभव नवा नसावा. तरीही कवितेत गोगलगाय आली की ती संथपणाचे प्रतीक, असे लिहून आपण पुढे जातो. ती कोणती, कोठली, डावी की उजवी, हा प्रश्न वर्गात विचारला तर हसे होईल. आम्हांस तो विचारण्याजोगा वाटतो, निदान प्रतीकाच्या आधी.

बागेपुरते सांगायचे तर मीठ मातीत टाकू नये. त्याने झाडही जाते. सायंकाळी हातमोजे घालून (उंदरांच्या फुप्फुसातला एक कृमी यांच्यामार्फत माणसात येऊ शकतो) तुटक्या खांबाच्या तेवढ्या वेचाव्यात आणि बादलीतल्या मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. डाव्या मुखाची निघाली तर पुन्हा पानाखाली ठेवावी.