जुन्या सायकलीची पारख

सेवाग्रामहून वर्ध्याच्या बाजारपेठेचे अंतर सुमारे ८ किलोमीटर. पेढीवर नव्याने लागलेल्या मुलाला ते रोज दोनदा तोडावयाचे असते. सायकलीसाठी शेठजींनी उचल दिली, तरी ती पगारातून वळती होते. सायकल दोन महिन्यांत मोडली, तर हप्ते मात्र फिटावयाचे राहतात. अशा मुलाने गिअरच्या झगमगाटाला न भुलता जुनी काळी सायकल पाहावी. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनीच, बंद पडला. पण त्या सायकलींना इतर कंपन्यांचे सुटे भागही बसतात. साखळी, ब्रेकचे रबर यांचा खर्च किरकोळ. सांगाड्याच्या जोडावरची चीर मात्र ताज्या रंगाखाली दडलेली असू शकते. तेथे बोट फिरवून पाहावे; आणि सौद्याच्या दिवशी शेठजींनी सोबत एखादा अनुभवी मिस्त्री धाडावा.