सोळा पायऱ्या

पुतण्याच्या शिडाच्या नौकेतून समुद्रप्रवास करण्याचे धाडस मी या वयात केले, याबद्दल घरच्यांनी मला पुरेसे सुनावले आहे. वाचकांनी तरी क्षमा करावी. रॉड्रिग्ज बेटावरून निघालो, आग्नेयेचा वारा पाठीशी होता, आणि पाचव्या दिवशी सकाळी मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदराला लागलो. किनाऱ्यावर हिंडायला एकच दिवस होता.

एका दिवसात काय पाहावे याची यादी प्रवाशाला आयतीच मिळते. पांपलमूसच्या बागेतील परातीहून मोठी कमळपाने, शामारेलची सप्तरंगी माती, आणि सतराव्या शतकात नामशेष झालेल्या डोडोची दुकानोदुकानी मांडलेली लाकडी पिले. बाग मीही पाहिली आणि लहान मुलासारखा हरखलो. तक्रार आहे ती निराळीच. बंदरापासून चार पावलांवर असलेला आप्रवासी घाट आमच्या यादीत सर्वांत खाली होता, आणि पुढे शेरा होता, 'वेळ उरल्यास'.

घाटावर पाहण्यासारखे फारसे नाहीच. काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या आणि थोडे पडके बांधकाम. गुलामगिरी संपत आली तेव्हा उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख हिंदी मजूर करारावर या बेटावर आले. १८४९ मध्ये हे ठाणे उभे राहिल्यावर येणारी माणसे याच घाटावर उतरू लागली. प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. कित्येकांच्या बापाचे नाव पुढे कुळाचे आडनाव होऊन बसले. त्यांत आपल्या कोकणातली माणसेही होती.

आमच्या गाडीवानाचे पणजोबा त्यांपैकीच. मी मराठीत बोललो तेव्हा तो ओशाळला. "शाळेत शिकलो, काका, पण घरात आम्ही क्रिओल बोलतो." नंतर मात्र त्याने गणपतीची आरती पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत म्हटली. उच्चार थोडे फ्रेंच वळणाचे होते, पण एक शब्द गळला नाही. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते, हेही त्याने अभिमानाने सांगितले.

आरती पाठ असली म्हणजे भाषा टिकली, असे मी म्हणणार नाही. अर्थ कळेनासा झाला की शब्द देव्हाऱ्यातल्या टाकांसारखे होतात. त्यांची पूजा होते, त्यांच्याशी बोलणे होत नाही. परंतु ज्यांच्याजवळ गाठोडे आणि क्रमांक यांपलीकडे काही नव्हते, त्यांनी एवढे तरी पाच पिढ्या सांभाळले. आम्ही बडोद्यास आलो ते गायकवाडांच्या फौजेमागून, दौत-लेखणी घेऊन. आम्हांला वाडे मिळाले, मराठी शाळा मिळाल्या, सयाजीराव महाराजांची ग्रंथालये मिळाली. आणि माझा नातू मला फोनवर इंग्रजीत विचारतो, "तब्येत कशी आहे?" मीही त्याला इंग्रजीतच उत्तर देतो, कारण ते सोपे पडते. दोष त्याचा नाही. पाहुण्यांपुढे घराण्याचा इतिहास सांगताना मी थकत नाही. नातवाशी चार वाक्ये बोलताना मात्र मलाच घाई असते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, जो मराठी माणूस त्या बेटावर एक दिवस उतरेल, त्याने सप्तरंगी माती अवश्य पाहावी, पण आधी त्या सोळा पायऱ्या चढाव्यात. तिथे आपल्या पराक्रमाची आठवण होत नाही, आपल्या आळसाची होते.

परतल्यापासून दर रविवारी नातवाचा फोन आला की मी मराठीतच बोलतो. पहिल्या रविवारी संभाषण दोन मिनिटांत आटोपले. गेल्या रविवारी त्याने विचारले, "आजोबा, शीड म्हणजे काय?" त्या दिवशी आम्ही अर्धा तास बोललो.