हप्ता कधी, तेही लिहा

जालन्याहून रेल्वेने जळगाव गाठायचे तर आजही मनमाडचा वळसा पडतो. तो टाळणारा 174 किलोमीटरचा थेट मार्ग केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये मंजूर केला. श्रेय रावसाहेब दानवे यांच्या रेल्वे राज्यमंत्रिपदाला दिले जाते आणि पाठपुरावा त्यांनी केलाही. पण मंजुरी आली तेव्हा दानवे लोकसभा हरले होते. जालन्याचे खासदार होते काँग्रेसचे कल्याण काळे. तरीही प्रस्ताव मागे पडला नाही. निम्मा खर्च, म्हणजे सुमारे 3,552 कोटी रुपये, उचलण्याचा निर्णय राज्याने आधीच घेऊन ठेवला होता, हे त्यामागचे मोठे कारण असावे. मंत्र्यांच्या जवळिकीने फाइल पटकन सरकते हे खरे, पण मंत्री गेल्यावर ती तग धरते लेखी बांधिलकीवरच.

अर्थात नुसता वाटा लिहूनही भागत नाही. अहिल्यानगर-बीड-परळी मार्गातही राज्याचा वाटा निम्माच आहे. 1995 मध्ये मंजूर झालेल्या या 261 किलोमीटरच्या मार्गाचा खर्च तेव्हा 353 कोटी होता. बीडला गाडी पोहोचली सप्टेंबर 2025 मध्ये आणि तोवर खर्च चार हजार कोटींपुढे गेला. दोन्हीकडे एकाच पक्षाचे सरकार असले की कामे होतात, असे ‘डबल इंजिन’वाले सांगतात. या तीस वर्षांत तशीही सरकारे येऊन गेली. कमी होती ती ठरलेल्या तारखांची.

रेल्वे केंद्राचा विषय, मग राज्याने पैसे का द्यावेत, हा आक्षेप गैर नाही. परंतु भूसंपादन राज्याच्या यंत्रणेनेच करायचे असते, आणि पैसे घातलेल्याला जाब विचारता येतो. केंद्र आणि राज्ये मिळून निर्णय कसा घेतात, याचे उदाहरण म्हणजे जीएसटी परिषद: तिथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, राज्यांचे दोन तृतीयांश आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. कुणालाच एकट्याने रेटता येत नाही. रेल्वेसाठी एवढा खटाटोप नको. कोणत्या वर्षी किती हप्ता, कोणत्या तालुक्यात जमीन कधी ताब्यात, याचा करार करावा, केंद्र आणि राज्य, दोन्हीकडच्या मंत्र्यांनी दर तिमाहीला त्याचा आढावा घ्यावा आणि तो करार जिल्हाधिकारी कार्यालयात लावावा. असे केल्याने मंत्र्यांचे हात बांधले जातील, अशी तक्रार होईल. बांधले जावेतच. जालना-जळगाव मार्गावरच्या भोकरदनकडच्या ज्या शेतकऱ्याचा गट संयुक्त मोजणीत येईल, त्याला यंदा विहिरीवरून नवी पाइपलाइन टाकावी की नाही, हे त्या कागदावरूनच ठरवता येईल.