स्थळ न पाहता केलेली सोयरीक

मुलीसाठी स्थळ आले की आपल्या घरांतून चार माणसे ते पाहायला जातात. पेडण्याहून साखळीपर्यंतच जायचे असले तरी जातात. विहिरीला वैशाखात पाणी टिकते का, किती भाऊ एकत्र आहेत, कुळागराचे उत्पन्न कोणाच्या हाती आहे, शेजारीपाजारी काय बोलतात, हे सारे डोळ्यांनी पाहिल्याखेरीज आणि कानांनी ऐकल्याखेरीज आपण होकार कळवीत नाही. त्याच घरांतून आज अख्खी कुटुंबे एकदाही न पाहिलेल्या देशाशी सोयरीक जुळवीत आहेत, आणि ती सोयरीक अशी की तिच्यात काडीमोड सहजासहजी मिळत नाही. या विसंगतीविषयी पेडण्या-डिचोलीत खासगीत पुष्कळ बोलले जाते. ते छापून यावे अशी आमची इच्छा आहे.

आमचा आक्षेप परदेशी जाण्याला नाही, हे प्रारंभीच सांगून टाकतो. पोटासाठी गाव सोडणे गोमंतकाला नवे नाही. मुंबईस, कराचीस, पूर्व आफ्रिकेस आणि पुढे आखाती देशांत येथली माणसे गेली, म्हणून येथली घरे उभी राहिली. डिचोली तालुक्यात २०१२ साली खाणी थांबल्या, मध्यंतरी सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. तेव्हा कर्ज काढून घेतलेले ट्रक ज्यांच्या दारात उभे राहिले, त्यांना ‘गाव सोडू नका’ असे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. पेडण्यात मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला आणि जमिनीचे गिऱ्हाईक थेट अंगणात येऊन उभे राहू लागले. मुलांना नोकरी नाही आणि जमिनीला मात्र भाव आहे, अशा वेळी जमीन विकून जावे असे एखाद्याच्या मनात आले तर त्यात नवल नाही. आमचा आक्षेप आहे तो क्रमाला. जे पहिल्याने करायचे ते आपण शेवटी करतो.

पोर्तुगालच्या वाटेने जाणारे पूर्वी मुख्यतः सासष्टी आणि बार्देशातले असत. नव्या काबिजादींतील आपल्या घरांना ती वाट उशिरा दिसली, पण आता दिसली आहे. १९८१ च्या पोर्तुगीज नागरिकत्व कायद्याच्या आधारे, १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या माणसाला आणि त्याच्या मुला-नातवंडांना लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवून त्या देशाचे नागरिकत्व मिळविता आले आहे. त्यासाठी त्या देशात पाऊल ठेवावे लागत नाही, आणि नेमकी हीच सोय आपल्या मुळावर आली आहे. आजोबांचा जन्मदाखला शोधला, एजंटाचे पैसे भरले, कागद लिस्बनला गेले, पासपोर्ट हाती आला, कुळागर विकले, तिकिटे काढली. देश पाहण्याची पाळी येते तेव्हा पाहून ठरविण्यासारखे काही उरलेलेच नसते. घरातून निघण्यापूर्वी ग्रामदेवतेला कौल लावला जातो. पण कौल लावण्याआधी माणसाने जी चौकशी करायची, तीही आपण देवावरच सोडून मोकळे होतो.

मागे फिरणे किती अवघड आहे, याचा विचार फार थोड्यांनी केलेला असतो. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे नागरिकत्व संपते, असे १९५५ च्या आपल्या कायद्याचे ९ वे कलम सांगते. केवळ जन्मनोंदीने ते संपते की नाही, यावर गोव्यात पुष्कळ वाद झाला; पासपोर्ट स्वीकारल्यावर वादाला जागा राहत नाही. पुढे ओसीआय कार्ड मिळू शकते. पण ते कार्ड बाळगणाऱ्याला मत देता येत नाही, निवडणूक लढविता येत नाही आणि शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाहक्काने येणारे येईल. पण एकदा विकलेले कुळागर पैसे साठवून परत घेऊ, हा विचार कायद्यापुढे टिकत नाही. परतीची वाट आहे, परंतु ती लांबची आहे. ओसीआय म्हणून पाच वर्षे नोंद हवी, अर्जापूर्वी बारा महिने भारतात वास्तव्य हवे, आणि त्यानंतर सरकारचा निर्णय. विमानातून उतरल्यावर तिसऱ्याच महिन्यात ज्याला आपली चूक कळते, त्याने हा काळ कसा काढावा?

शिवाय, ज्या ऐकीव माहितीवर घरे विकली जातात ती माहिती बहुधा शिळी असते. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडले आणि त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला तेथील मुक्त प्रवेशाची मुदत संपली. त्यापूर्वी तेथे राहत असलेल्यांना अर्ज करून आपला हक्क राखता आला. त्यानंतर जाणाऱ्याला, पोर्तुगीज पासपोर्ट असला तरी, तेथे नोकरीसाठी व्हिसा लागतो. स्विंडनच्या गोदामात राबून ज्या चुलतभावाने गावी दुमजली घर बांधले, त्याची गोष्ट खरी आहे. मात्र तो ज्या दारातून आत गेला ते दार आता मिटले आहे. आजच्या पासपोर्टाने पोर्तुगाल, आयर्लंड आणि संघातील इतर देश उघडतात. म्हणजे पाहायचा देशच बदलला आहे, आणि आपण अजून जुन्या देशाची वर्णने ऐकत बसलो आहोत.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते: ‘आपले पूर्वज काय पाहणी करून आले होते? जीव मुठीत धरून निघाले आणि पोचले तेथे राहिले.’ हे उत्तर ऐकायला शूरपणाचे वाटते, पण आपल्याच तालुक्यांचा इतिहास वेगळे सांगतो. दिवाडीचा सप्तकोटेश्वर सोळाव्या शतकात नदी ओलांडून डिचोलीतील नार्व्याला आला. तेथे पोर्तुगिजांचा अंमल नव्हता, आणि मागे राहिलेले बेट तर समोरच होते. त्या देवाचे मंदिर पुढे १६६८ साली शिवाजी महाराजांनी नव्याने बांधविले. चोडणचा देवकीकृष्ण आधी मयेला आला आणि नंतर माशेलला स्थिरावला. ती वेळ भीतीची आणि घाईची होती. तरीही त्या माणसांनी एक टप्पा, मग दुसरा टप्पा असाच मार्ग धरलेला दिसतो. मुंबईला जाणाऱ्यांची रीतही तीच. घरातला एक जण पुढे जाई, नोकरी धरी, खोली पाही. बायकामुले मागाहून जात आणि गावचे घर उघडे राही. आज आपल्या पाठीस कोणाचा ससेमिरा लागलेला नाही. मग घाई कोणाची आहे? एजंटाची असू शकेल. आपली असण्याचे कारण दिसत नाही.

काही घरे पाहणीला जातात, हे खरे आहे. पण पंधरा दिवस नातलगाकडे उतरायचे, नदीकाठी छायाचित्रे काढायची आणि परत येऊन ‘स्वच्छता काय, शिस्त काय’ असे सांगत फिरायचे, याला आम्ही पाहणी म्हणत नाही. हे पर्यटन झाले. जूनमध्ये लंडनला रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. राहायचे आहे ते डिसेंबरातही. पोर्तुगालचा हिवाळा पावसाचा असतो आणि तेथील कितीतरी जुन्या घरांत ऊब राखण्याची सोय नसते. पाहणी करणाऱ्याने जानेवारीत जावे. नातलगाच्या घरात न राहता भाड्याची खोली स्वतः मागून पाहावी, म्हणजे करक्रमांक, पगाराचे कागद आणि जामीनदार यांची विचारणा कशी होते ते कळेल. पहाटेच्या पाळीला जाणाऱ्यांबरोबर एकदा बसमधून जावे. आजोबांनी पोर्तुगीज शाळेत गिरविलेली भाषा नातवाच्या जिभेवर आपोआप येत नाही; तिच्यावाचून कोणते काम मिळते आणि कोणते मिळत नाही, हे काम देणाऱ्यालाच विचारावे. लिस्बनला राधाकृष्णाचे मंदिर आहे. ते मुख्यतः मोझांबिकहून आलेल्या गुजराती समाजाने उभारलेले आहे. तेथे आपल्याला आपलेपणाने वागवतीलही. पण आपल्या मुलांची मराठी तेथे कोण सांभाळणार, हा प्रश्नही पाहणीच्या यादीत असावा. लंडनला १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे, असे सांगून पोर्तुगालमधल्या एकाकीपणाचे उत्तर देता येत नाही.

एक आक्षेप मात्र आम्हांला गंभीर वाटतो. पाहणी हा पैसेवाल्यांचा मार्ग आहे, असे म्हणतात. भारतीय पासपोर्टावर शेंगेन व्हिसा मिळेलच असे नाही. मिळाला तरी १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही, आणि त्यावर काम करता येत नाही. हे सारे खरे आहे. ज्याला हे जमणार नाही त्याने मुंबईची जुनी रीत धरावी. घरातील एकानेच कागद करावेत, एकानेच जावे, आणि एक हिवाळा व एक उन्हाळा काढून त्याने कळवावे. तोवर इतरांनी आपले नागरिकत्व आणि घराने आपली जमीन राखावी. एकाच्या तिकिटाचा आणि वर्षभराच्या कष्टाचा खर्च विकलेल्या कुळागराहून नक्कीच कमी आहे. आणि जो एकाचेही तिकीट काढू शकत नाही, त्याने पाचांची तिकिटे जमीन विकून काढावीत, हा सल्ला त्याचा हितचिंतक तरी देणार नाही.

हा प्रश्न जाणाऱ्याच्या एकट्याचा आहे, असेही कोणी समजू नये. मयेच्या लोकांना हे सांगावे लागत नाही. मुक्तीनंतर पोर्तुगालला निघून गेलेल्या जमीनमालकाच्या मागे तेथील जमीन परित्यक्त मालमत्ता ठरली आणि पिढ्यान्‌पिढ्या ती कसणाऱ्यांना स्वतःच्या घराखालच्या जागेसाठी दशकानुदशके झगडावे लागले. २०१४ साली त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. आज जाणाऱ्यांची जमीन तशी सरकारजमा होत नाही, ही गोष्ट वेगळी. तरीही गोव्याच्या कायद्याने घर सामाईक, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, आणि एक सही परदेशात अडकली की मागच्या भावाचे वाटप अडकते. देवळातील पाळी कोणी करायची, वार्षिक उत्सवाचा खर्च कोणी उचलायचा, वाचनालयाच्या कार्यकारिणीवर कोणी बसायचे, हे प्रश्न मागे राहणाऱ्यांच्या गळ्यात पडतात. म्हणून पाहणीचा अहवाल बंद खोलीत नवरा-बायकोपुरता राहू नये. तो भावांपुढे मांडला जावा.

आता आमचे मागणे. प्रत्येक घराने तीन गोष्टी ठरवाव्यात. पाहणी झाल्यावाचून दुसरे नागरिकत्व घेऊ नये, आणि घ्यावेच लागले तर ते एकाने घ्यावे. गेलेल्या माणसाचे पहिले वर्ष पुरे होईपर्यंत जमीन विकू नये. आणि निघण्यापूर्वी घराच्या वाटपाच्या सह्या पुऱ्या कराव्यात.

चौथे मागणे परदेशातून चतुर्थीला घरी येणाऱ्यांकडे आहे. आपण येता तेव्हा भेटवस्तू आणता आणि सुखाच्या गोष्टी सांगता. पहिल्या हिवाळ्यात एका खोलीत किती जण झोपत होता, हातात पडलेल्या पगारातून भाडे गेल्यावर काय उरत होते, आजारी पडल्यावर दाराशी कोण आले, आणि आज पुन्हा निघायचे झाले तर काय वेगळे कराल, हेही सांगा. आपली लाज राखण्यासाठी आपण गप्प राहता, आणि त्या गप्प राहण्यावर विसंबून शेजारचे घर विकले जाते. येत्या चतुर्थीनंतरच्या रविवारी मंडळाच्या सभागृहात याच प्रश्नांची बैठक ठेवावी, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवीत आहोत. जे ऐकूनही जातील त्यांना आम्ही आनंदाने निरोप देऊ.