बिघाड ओळखण्याचा हक्क कोणाचा?

पावसाळा ओसरला की मुंबईच्या उपनगरांत खोदकामाला पुन्हा जोर चढतो. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गावर मेट्रो चारची मार्गिका, पलीकडे गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता, आणि अंधेरी-बोरिवलीच्या गल्लोगल्ली जुन्या इमारती पाडून उभे राहणारे मनोरे. या साऱ्या कामांचा भार ज्या यंत्रावर आहे त्याला इकडे पोकलेन म्हणतात. वस्तुतः पोकलेन हे एका फ्रेंच कंपनीचे नाव. लार्सन अँड टुब्रोने तिच्या सहकार्याने ही यंत्रे भारतात आणली आणि कंपनीचे नाव मजुराच्या तोंडी यंत्राचेच नाव होऊन बसले. त्या काळच्या पोकलेनमध्ये डिझेलचा पंप, तेलाच्या नळ्या आणि तरफा असत. बिघाड झाला तर मिस्त्री कान लावून आवाज ऐके, हात लावून नळीची उष्णता पाही आणि कामाला लागे.

आजचे यंत्र तसे राहिलेले नाही. इंजिन, हायड्रॉलिक पंप, चालकासमोरचा पडदा या प्रत्येकाचा वेगळा नियंत्रक असतो आणि हे नियंत्रक एकमेकांत पीळ दिलेल्या दोन बारीक तारांवरून सतत परस्परांना संदेश पाठवत असतात. ही ‘कॅन’ नावाची पद्धत जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ मध्ये डेट्रॉइट येथे प्रथम जगापुढे मांडली. ती मोटारींसाठी होती. पुढे अवजड यंत्रांनीही ती स्वीकारली. भारतात टायरवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना १ एप्रिल २०२१ पासून धुराचे कडक निकष लागू झाले, तेव्हापासून तर इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावाचून गत्यंतरच उरले नाही. धूर कमी व्हावा यात वाद नाही. खाणीकाठच्या आणि हमरस्त्याकाठच्या वस्तीतली मुलेच तो आजवर छातीत घेत आली आहेत.

प्रश्न निराळा आहे. त्या दोन तारांपैकी एक तुटली, घासली वा तिच्या जोडात पाणी शिरले की चांगले धडधाकट यंत्र एकाएकी मंदावते किंवा बंद पडते. पडद्यावर एकदम दहा-बारा बिघाडांचे आकडे उमटतात. ते पाहून अननुभवी माणूस एकामागून एक सेन्सर बदलत सुटतो आणि मालकाचा खिसा रिकामा होतो. दोष मात्र जिथल्या तिथेच राहतो. वास्तविक निरनिराळ्या नियंत्रकांनी एकाच वेळी तक्रार करावी हीच दोष सर्वांच्या सामाईक वाटेत असल्याची खूण आहे.

आणि ती वाट तपासणे ही काही देवदुर्लभ विद्या नव्हे. वाहिनीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो. बॅटरी सोडवून दोन तारांमध्ये साधा मल्टिमीटर लावला तर ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एका टोकाचा संबंध तुटला आहे; जवळजवळ शून्य दिसले तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. बॅटरी जोडून यंत्राची चावी फिरवल्यावर प्रत्येक तारेवर अडीच व्होल्टच्या आसपास दाब हवा, एकीवर किंचित अधिक, दुसरीवर किंचित कमी. मग एकेक नियंत्रक वाहिनीतून काढून पाहायचा; ज्याला काढताच बाकीचे बोलू लागतात तिथे दोष. मुंबईत त्याची कारणेही मुंबईचीच असतात. खाऱ्या हवेने जोडांवर चढलेला हिरवा गंज, रस्त्याकडेला रात्रभर उभ्या यंत्राच्या तारा कुरतडणारे उंदीर, आणि बॅटरी न सोडवता घाईने बकेटला मारलेले वेल्डिंग. हे शेवटचे कारण बिचाऱ्या वेल्डरच्या माथी मारले जाते, परंतु यंत्र तासभरही थांबू न देणारा मुकादम त्या वेळी कोठे होता हे कोणी विचारत नाही.

एवढे निदान साकीनाक्याचा वा भांडुपचा मिस्त्री करू शकतो आणि करतोही. त्याची अडवणूक होते ती पुढे. तारांचा नकाशा कंपनीच्या कपाटात असतो. इंजिनाचे सामान्य आकडे ठरलेल्या जागतिक संकेतानुसार वाचता येतात, पण प्रत्येक उत्पादकाने स्वतःचे खासगी संदेश राखून ठेवलेले असतात आणि ते त्याच्याच संगणकाला कळतात. नियंत्रक बदलला तर कंपनीच्या परवलीच्या शब्दाशिवाय नवा नियंत्रक कामच करीत नाही. मग कंपनीच्या अभियंत्याची वाट पाहणे आले. मोठ्या ठेकेदाराकडे तो लगेच येतो. कर्जावर एकच यंत्र घेऊन ते तासाने भाड्याने देणाऱ्याचा क्रमांक शेवटी लागतो. कर्जाचा हप्ता थांबत नाही, आणि ऑपरेटर व हेल्परचा दिवसाचा भत्ता मात्र पहिल्या दिवसापासून थांबतो. विकलेल्या यंत्रावर विकणाऱ्याचा ताबा कायम राहणे, यालाच आज खुली बाजारपेठ म्हणतात!

कंपन्यांचा युक्तिवाद असा की, कुलूप उघडले तर कोणीही धुराचे नियंत्रण बंद पाडील आणि अपघात होतील. ही भीती सर्वस्वी खोटी नाही. पण बिघाड वाचणे वेगळे आणि इंजिनाचे गणित बदलणे वेगळे. दुसऱ्याची किल्ली कंपनीने ठेवावी, पहिलीची का?

याची जाणीव शासनाला नाही असेही नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला तो याच कारणासाठी: सुटे भाग आणि निदानाची साधने त्या स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. प्रकरण पुढे अपिलात गेले, तरी तत्त्व मांडले गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने प्राधान्य दिले शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारींना. बांधकामाची यंत्रे त्या यादीत नव्हती. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांसाठी कायदा केला, तोही शेतकरी संघटित होऊन भांडले म्हणून. आपल्याकडचा यंत्रमालक आणि त्याचा मिस्त्री विखुरलेले आहेत.

डॉ. लोहियांनी १९५२ च्या पचमढी अधिवेशनात लहान यंत्राचा आग्रह धरला तेव्हा त्यांना यंत्रविरोधी ठरवण्यात आले. त्यांचा विरोध यंत्राला नव्हता. ज्या यंत्राचे चालकत्व आणि ज्ञान दूरच्या मूठभरांकडे जाते त्याला होता. चाळीस टनी पोकलेन लहान होणार नाही, पण त्याचे ज्ञान वाटता येईल.

हे करणे महापालिकेच्या व मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हातात आहे. ज्या यंत्रांच्या तारांचे नकाशे आणि बिघाडांचे अर्थ स्वतंत्र मिस्त्रींना रास्त दरात उपलब्ध आहेत, अशीच यंत्रे सार्वजनिक कामावर येतील, एवढी अट निविदेत घालावी. मुलुंड, अंधेरी आणि बोरिवलीच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत डिझेल मेकॅनिकच्या विद्यार्थ्यांपुढे कॅनची जिवंत वाहिनी मांडलेला फळा असावा. त्याला दोन रोधक, थोडी तार, जुने नियंत्रक आणि एक मल्टिमीटर लागतो. पक्षाच्या वॉर्ड शाखांनी आपापल्या भागातील यंत्रमालक, ऑपरेटर आणि गॅरेजवाले यांची एकत्र बैठक बोलवावी आणि कोणते यंत्र किती दिवस कोणत्या कुलपापायी उभे राहिले याची नोंद त्यांच्याकडून घ्यावी. ही नोंद हाती असेल तर पुढच्या निविदेच्या आधी आयुक्तांच्या दालनात रिकाम्या हाताने जावे लागणार नाही.