सैतान एकटा जेवतो

आपल्यातली काही पोरं हल्ली सैतानवादी झालीत. अंगात काळा टी-शर्ट, छातीवर शिंगवाला बोकड, कानात गिटारचा दणदणाट आणि तोंडात एकच भाषा: मी कुणाचं काही देणं लागत नाही. देव नको, समाज नको, चळवळ नको, मीच माझा देव. घरातली म्हातारी माणसं हबकतात, पोरगं वाया गेलं म्हणतात. चळवळीतले पुढारी एका वाक्यात निकाल लावतात: अमेरिकेची फॅशन आहे, सोडून द्या. मला तसं सोडून देता येत नाही. देवाला लाथ घालणं हा आपला जुना धंदा. तो करणाऱ्याला परका कसा म्हणू? लाथ घालून झाल्यावर माणूस जातो कुठं, कुणाकडं जातो, एवढाच माझा सवाल आहे. तेव्हा या सैतानाची एकदा नीट हजेरी घेऊ.

३० एप्रिल १९६६ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला अँटन लाव्हे नावाच्या इसमाने 'चर्च ऑफ सेटन' काढलं. डोकं तासलेलं, कॅलिफोर्निया स्ट्रीटवरचं घर काळ्या रंगाने फासलेलं. १९६९ साली त्याने 'सटॅनिक बायबल' छापलं. ऐकून वाटतं, तिथं शिंगवाल्याची पूजा होत असणार. साफ चूक. लाव्हेचा सैतानावर विश्वासच नव्हता. देव नाही तसा सैतानही नाही. सैतान ही नुसती निशाणी. माणसाच्या भुकेची, वासनेची, गर्वाची, बंडाची. त्याचं सांगणं थोडक्यात असं: उपास सोड, भोग घे. मेल्यानंतरच्या स्वर्गाची थाप सोड, आत्ता जग. एका गालावर बसली तर दुसरा पुढं करू नको, उलटून हाण. माया लावायची ती लायक माणसाला. ऐतखाऊंवर वाया घालवू नको. माणूस म्हणजे इतर जनावरांसारखंच एक जनावर.

यातलं बरंचसं मला पटतं, आणि ते मी उघड म्हणतो. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला, ज्यांना चांगलं खायची नि चांगलं ल्यायची बंदी होती, त्यांच्या पोराने 'हे शरीर माझं आहे, मला त्याची लाज नाही' म्हटलं तर त्यात पाप कुठलं? 'गेल्या जन्मीचं भोगतोयस, गप भोग' असं ज्या धर्माने सांगितलं, त्याच्या तोंडावर 'मी याच जन्मी, इथंच जगणार' म्हणणं हे बंडच आहे. क्षमा कर, सोसून घे, हा उपदेश नेहमी मार खाणाऱ्यालाच का होतो? मारणाऱ्याला कुणी करत नाही. आणि सगळ्या चर्चवर सक्तीने कर लावा ही लाव्हेची मागणी तर आपल्याकडच्या देवस्थानांच्या दानपेट्यांपुढं मोठ्याने वाचून दाखवावी इतकी झकास आहे.

पण दोस्तहो, आता जरा नकाशा बघा. सॅन फ्रान्सिस्कोला लागून खाडी आहे. खाडीवर पूल आहे. पूल ओलांडला की ओकलंड. त्याच १९६६ सालात, ऑक्टोबर महिन्यात, ह्युई न्यूटन आणि बॉबी सील या दोघा काळ्या तरुणांनी तिथं ब्लॅक पँथर पार्टी काढली. त्यांचेही कपडे काळेच. काळं जाकीट, काळी टोपी. त्यांचाही देवावर फारसा भरवसा नव्हता. पण त्यांनी दहा कलमं लिहिली ती सगळी 'आम्हाला पाहिजे' अशी: काम पाहिजे, घर पाहिजे, खरं शिक्षण पाहिजे, पोलिसांची मारहाण आणि खून बंद झाले पाहिजेत. जानेवारी १९६९ मध्ये त्यांनी ओकलंडच्या एका चर्चमध्ये शाळकरी पोरांना फुकट न्याहारी द्यायला सुरुवात केली. लाव्हेने स्वतःसाठी चर्च काढलं. पँथरांनी असलेलं चर्च घेतलं आणि त्यात पोरांच्या ताटल्या मांडल्या.

आता सरकार कुणाला घाबरलं ते बघा. लाव्हेचे फोटो मासिकांत छापून आले. पाद्र्यांनी शिव्या दिल्या, त्याच्या धंद्याला त्याही कामी आल्या. १९९७ साली सदुसष्टाव्या वर्षी तो आजाराने मेला. पँथरांना मात्र अमेरिकेच्या एफबीआयच्या प्रमुखाने, एडगर हूव्हरने, १९६९ साली देशाच्या अंतर्गत सुरक्षेला सगळ्यात मोठा धोका ठरवलं. पोरांची न्याहारी मोडायलासुद्धा एफबीआयची माणसं लागली. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे शिकागोत पोलिसांनी फ्रेड हॅम्प्टन या पँथरला त्याच्या बिछान्यातच गोळ्या घातल्या. वय वर्षं एकवीस. सैतानाचं नाव घेऊन एकटा माणूस कितीही ओरडला तरी व्यवस्थेच्या अंगावर काटा येत नाही. शंभर उपाशी पोरं एका पंगतीला बसली की येतो.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा आपल्या थोरल्यांनी नाव घेतलं ते ओकलंडच्या काठावरून. हे विसरून चालणार नाही.

लाव्हेच्या 'मी'चा बाप कोण, तेही विचारलं पाहिजे. त्याने स्वतःच सांगितलं होतं की आपला धर्म म्हणजे आयन रँडचं तत्त्वज्ञान, वर थोडे विधी आणि समारंभ. ही आयन रँड म्हणजे स्वार्थ हाच सद्गुण असं सांगणारी, भांडवलशाहीची पोथी लिहिणारी बाई. 'सटॅनिक बायबल'चा पहिला भाग 'माइट इज राइट' या १८९० च्या दशकातल्या पुस्तकातून उचललेला आहे. बळी तो कान पिळी, हे त्या पुस्तकाचं सार. आणि या सगळ्यांच्या मागं उभा आहे जर्मनीचा नीत्शे.

इथं आपला संबंध येतो. नीत्शेने १८८८ साली एक पुस्तक लिहिलं, नाव 'अँटीख्राईस्ट'. म्हणजे ख्रिस्ताचा वैरी. आणि या ख्रिस्ताच्या वैऱ्याने गळ्यात गळा कुणाच्या घातला? मनूच्या! बायबलपेक्षा मनूची संहिता कितीतरी वरच्या दर्जाची, असं त्याचं मत. खालच्या माणसांच्या मूल्यांना शिवी द्यायची तर नीत्शे शब्द वापरतो 'चांडाळ'. युरोपातला एवढा मोठा बंडखोर, देव मेला म्हणून जाहीर करणारा, आणि फिरून फिरून आला तो आमच्या वेशीवर, आम्हालाच हाकलायला. ज्या मनुस्मृतीला महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांनी आग लावली, तिचीच ही स्तुती.

बाबासाहेबांनी मनू आणि नीत्शे शेजारी शेजारी बसवून तपासले. त्यांचा निवाडा असा की नीत्शेचा महामानव निदान कर्तबगारीवर ठरतो, मनूचा जन्मावर. म्हणून मनूचं तत्त्वज्ञान अधिक किळसवाणं. लाव्हेचे चेले हाच मुद्दा पुढं करतील. म्हणतील, आमची शिडी जातीची नाही, लायकीची आहे. १९८८ साली लाव्हेने पाच कलमी कार्यक्रम दिला, त्यातलं पहिलंच कलम उतरंडीचं: माणसं सारखी नाहीत, समतेचं थोतांड बंद करा. बरं, लायकीची तर लायकीची. पण लायकी मोजणारा तराजू कुणाच्या दुकानातला? हा 'लायक' आणि 'ऐतखाऊ' शब्द आपण पहिल्यांदा ऐकतोय काय? कॉलेजात फॉर्म भरताना ऐकलेत, ऑफिसात खुर्चीवर बसताना ऐकलेत. 'सरकारचे जावई' म्हणतात आपल्याला. लाव्हेचं वाक्य मराठीत आणलं तर ते नेमकं असंच उतरतं. आपलं पोरगं ज्या पुस्तकाला बंड समजून छातीशी धरतंय, त्यात राखीव जागांवर चिडलेला सवर्ण पोरगा आधीच पाय पसरून बसलाय.

म्हणून काय 'मी' वाईट आणि 'आम्ही' चांगलं? इतकं सोपं असतं तर बात संपली असती. 'आम्ही' म्हणणाऱ्यांचाही हिशेब घेतला पाहिजे. अमेरिकेत १९८० च्या दशकात देवभोळ्या समाजाला सैतानाचं भूत चावलं. कॅलिफोर्नियातल्या एका बालवाडीवर सैतानी विधींचे आरोप झाले. खटला १९९० पर्यंत रेटला, शिक्षा एकालाही झाली नाही. आर्कान्सा राज्यात १९९४ साली तीन तरुणांना मुलांच्या खुनात दोषी ठरवलं. पुराव्यात काय? काळे कपडे, हेवी मेटलची गाणी, सैतानाचं खूळ. अठरा वर्षं तुरुंगात काढून, नवे पुरावे पुढं आल्यावर, २०११ साली ते बाहेर आले. समूह चिडला की तो एकट्याला असा खातो.

आणि एवढं लांब कशाला जायचं? आपल्या गावाइतका पक्का समूह जगात कुठं आहे? २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत गाव एक झालं आणि एका कुटुंबातली चार माणसं मारली. ती पण एकजूटच होती. जात म्हणजे 'आम्ही'च की! जन्मायच्या आधी ठरलेलं, मेल्यावरही मसणवटा वेगळा ठेवणारं 'आम्ही'. म्हणून ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी ठणकावून सांगितलं की या घटनेने गाव टाकून दिलं आणि व्यक्ती हा घटक धरला, याचा मला आनंद आहे. गावाच्या तावडीतून सुटलेल्या माणसालाच या आनंदाचा अर्थ कळतो. आपल्या पोराला 'मी' म्हणायचा हक्क लाव्हेने दिलेला नाही. तो त्याच्या आधीच घटनेत लिहिलेला आहे.

पण बाबासाहेब तिथं थांबले नाहीत. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात ते फरक सांगतात: धर्म ही वैयक्तिक बाब मानली जाते, धम्म सामाजिक आहे. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसं एकमेकांच्या संबंधात आली की धम्म लागतो. म्हणजे 'मी' शाबूत, आणि 'मी' नि 'तू' यांच्यामध्ये जे काही आहे त्याला धम्म म्हणायचं. लाव्हेच्या पुस्तकात नेमकी हीच जागा रिकामी आहे. तिथं 'तू' येतो तो लायक म्हणून नाहीतर रक्तपिपासू म्हणून. सोबती म्हणून येतच नाही.

गंमत अशी की एकट्यांचंही एकट्यावर भागत नाही. एकट्यांच्या या चर्चमध्ये पुरोहित आले, पायऱ्या आल्या, पदव्या आल्या. १९७५ साली लाव्हे पदं पैशावर विकतो असा आरोप करत मायकेल अ‍ॅक्विनो फुटला आणि त्याने 'टेम्पल ऑफ सेट' काढलं. २०१३ च्या सुमारास 'सटॅनिक टेम्पल' नावाचा निराळाच पंथ निघाला. त्याच्या सात तत्त्वांत पहिलं तत्त्व करुणेचं. सैतानाच्या नावानेसुद्धा शेवटी करुणेच्याच दारात यावं लागलं!

बदनाम केलेल्याला डोक्यावर घेणं, ही युक्ती आपणही केली आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त बळीराजाला पाताळातून वर काढलं. पुराणाने ज्याला असुर ठरवलं तो शेतकऱ्याचा राजा निघाला. आजही दिवाळीत बायका ओवाळताना बळीचं राज्य येवो म्हणतात. माझं राज्य येवो म्हणत नाहीत. रशियाच्या बाकुनिननेही सैतानाला पहिला बंडखोर म्हणून सलाम ठोकला होता, आणि तो तर सामुदायिक मालकी मागणारा माणूस. तेव्हा सैतान ही लाव्हेची खाजगी मालमत्ता नव्हे. बदनाम देवताही कुणाच्या हातात पडते त्यावर तिचा पक्ष ठरतो.

१९६९ साल पुन्हा आठवा. तिकडं 'सटॅनिक बायबल' निघालं. त्याच साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. पाठीवर ओझी वाहणाऱ्या हमालांनी लढून मिळवलेला. तोवर हमालाची लायकी मुकादम ठरवायचा. ओझं ज्याने त्याने स्वतःच्याच पाठीवर वाहिलं, पण मजुरी, हजेरी, रजा ही एकट्याच्या ताकदीने कुणालाही मिळाली नाही. मी गोदीत काम करतो. बोटीच्या पोटात उतरलेल्या माणसाचा जीव वर खूण करणाऱ्याच्या हातात असतो. त्याने नजर हलवली की लोंबकळणारा माल खालच्याच्या डोक्यावर. तिथं कुणी कितीही मोठा महामानव असो, मान वर करून बघावंच लागतं. आणि वरच्यालाही खालचा माणूस नावाने माहीत असावा लागतो. नुसता 'गँगमधला एक' म्हणून चालत नाही.

म्हणून दोघांनाही सांगायचंय. चळवळीच्या पुढाऱ्यांनो, पोरं सैतानाकडं का जातात याचा विचार करा. तुमच्या सभेत त्यांना सतरंज्या उचलायला लावता, घोषणा द्यायला लावता. प्रश्न विचारला की 'शिस्त पाळ' म्हणता. स्वतःचे पुतळे होण्याची घाई झालेल्या माणसांनी समूहाच्या गोष्टी सांगू नयेत. जिथं पोराला 'मी' म्हणता येत नाही, तिथनं तो पळणारच.

आणि काळ्या टी-शर्टवाल्या भावा, तो शर्ट काढ असं मी म्हणणार नाही. घाल. देवाला शिव्या दे, पोटभर दे. फक्त एवढं सांग: सावकार, बिल्डर, जातीचा माजोरी पोरगा, हे सगळे तुझ्याइतक्याच जोरात 'मीच माझा देव' म्हणतात. त्यांच्यात नि तुझ्यात फरक काय? उद्या सकाळी आपल्या वस्तीतलं एखादं पोरगं उपाशी शाळेत निघालं, तर तुझा सैतान त्याला हाक मारून बसवून घेईल काय?

घेणार असेल तर ये, आपण एकाच ताटात जेवू. घेणार नसेल तर तो सैतान नव्हे. मनूच आहे, फक्त शिंगं लावून आलाय.